बारा डेसिबल

महेंद्रने गाडीचा दरवाजा आपटला आणि छतावरच्या अँटेनाची केबल दारात सापडून तुटली. एवढंच झालं. काली पुतली चौकात सकाळचे दहा वाजले होते, कलेक्टोरेटकडे जाणाऱ्या स्कूटी एकमेकींना घासून निघाल्या होत्या, आणि गुणाकर मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने केबलचं तुटकं टोक हातात घेऊन पाहिलं. रागवायला हवं होतं. महेंद्र तशी वाट पाहत आरशातून बघतही होता. पण रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि त्रेपन्नाव्या वर्षी गुणाकर ती जपून वापरायला लागला होता. दुसरी केबल जबलपूरहून यायला दोन दिवस लागले असते आणि शहराची फेरी आजच उरकून चारच्या आत दुसऱ्या एका रिपोर्टवर सही करायची होती. तेव्हा त्याने सांगितलं की राहू दे, आज नुसत्या फोनांवर फिरू. महेंद्रने सुटकेचा श्वास टाकून गाडी हनुमान चौकाकडे वळवली. हे काम त्या दोघांनी इतक्यांदा केलं होतं की बोलायची गरज पडत नसे. गाडी फिरते, सीटवरच्या खोक्यात खोचलेले चार फोन आपोआप एकमेकांना लागतात, कुणी कुणाशी बोलत नाही, वेळ झाली की तुटतात, पुन्हा लागतात. पडद्यावरच्या नकाशात गाडीमागे रस्ता रंगत जातो. हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे चालेल, लाल म्हणजे बोंब. लोकांना वाटायचं हा साहेब नेटवर्क दुरुस्त करतो. तो फक्त मोजायचा. दुरुस्त करणारे दुसरीकडे बसायचे, आणि त्यांना वर्षानुवर्षं दुरुस्त करण्यासारखं फारसं सापडत नसे, कारण गुणाकरचे नकाशे हिरवेगार असायचे.

आज नकाशा पिवळा पडला. गोंदिया रोडवर पिवळा, स्टेशनपाशी पिवळा, आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत चक्क लाल ठिपके. त्याला आधी वाटलं टॉवर बसला. त्याने ऑफिसात फोन लावून विचारलं. टॉवर ठणठणीत होते, सकाळपासून एक तक्रार नव्हती. मग वाटलं फोन बिघडले, पण चारही फोन एकदम कसे बिघडतील. महेंद्रला गाडी सावलीत घ्यायला सांगून तो मागच्या तीन महिन्यांचा नकाशा शेजारी उघडून बघत बसला. तोच रस्ता, तेच वळण, तेच टॉवर. फरक एका केबलचा. आणि मग, काही विसरलं आहे एवढंच आधी आठवावं आणि काय ते मागाहून, तसं त्याला एक रकाना आठवला. मापाच्या प्रोग्रॅममध्ये एक लहानसा रकाना असतो. गाडीच्या छतावर अँटेना लावली असेल तर ती माणसाच्या हातातल्या फोनापेक्षा जास्त पकडते. किती जास्त तो आकडा त्या रकान्यात लिहायचा, म्हणजे तेवढं माप आपोआप वजा होतं. त्याने रकाना उघडला. त्यात शून्य होतं. ते शून्य त्याने स्वतः टाकलं होतं, तीन वर्षांपूर्वी, नवीन अँटेना मिळाली त्या ट्रेनिंगच्या दिवशी, जबलपूरच्या हॉटेलात. जेवणाची हाक आली होती, शिकवणाऱ्या पोराने हा आकडा नंतर पाकिटावर बघून भरा असं सांगितलं होतं, आणि गुणाकरने तात्पुरतं शून्य घालून सगळं जतन करून ठेवलं होतं. त्या दिवशी जेवणात पनीर होतं हे त्याला आठवत होतं. आकडा भरल्याचं आठवत नव्हतं. त्याने बॅगेच्या तळातून अँटेनाचं पाकीट शोधून काढलं. गाडीच्या पत्र्यात अडतं तेही धरून, बारा डेसिबल.

डेसिबल हे माप फसवं आहे. ऐकायला बारा म्हणजे पाच-पंचवीससारखा किरकोळ आकडा वाटतो. पण दर तिनाला दुप्पट होतं. तीन म्हणजे दुप्पट, सहा म्हणजे चौपट, नऊ म्हणजे आठपट, बारा म्हणजे सोळापट. तीन वर्षं लोकांच्या पदरात एक पडत होतं आणि तो सोळा लिहीत होता. बैहरचा घाट, उकव्याचा खाणीचा रस्ता, लांजीची वळणं, सगळीकडे त्याने हिरवा रंग फासत नेला होता, गाडीतून खाली न उतरता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आलं नाही. वडील आठवले. वडील नापतौल विभागात निरीक्षक होते, दुकानदारांची वजनं तपासून त्यांवर शिक्का ठोकायचे. लहानपणी एकदा वारासिवनीच्या धान्यबाजारात तो त्यांच्याबरोबर गेला होता. एका व्यापाऱ्याचं पाच किलोचं वजन हलकं निघालं. खालच्या भोकातलं शिसं कधीतरी गळून पडलं होतं. व्यापारी शपथा घेऊन सांगत होता की त्याला माहीतच नव्हतं, आणि ते खरंही असावं, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांनी वजन जप्त केलं. परतताना बसमध्ये गुणाकरने विचारलं की त्याने मुद्दाम केलं नव्हतं ना. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले की नसेल केलं, पण लोकांच्या घरी कमी धान्य गेलं ते गेलंच. ते असं काही सहज बोलून जायचे आणि त्याचा पुढे माणसाला केवढा त्रास होतो याची त्यांना कल्पना नसायची.

आजच्या रिपोर्टचा विषय पिपरटोला होता. वारासिवनीहून कटंगीच्या रस्त्याने गेलं की डावीकडे आत साडेतीन किलोमीटरवर, एका टेकडीच्या पायथ्याशी, सत्तर-ऐंशी घरांचं गाव. टेकडीवर लहान कंपनीचा टॉवर, हमरस्त्यावर मोठ्या कंपनीचा. हवेत जागा फार नसते. सरकार तिच्या पट्ट्या पाडून कंपन्यांना देतं, त्यालाच स्पेक्ट्रम म्हणतात, आणि प्रत्येकाने आपल्याच पट्टीत बोलायचं असतं. आता दोन्ही कंपन्यांचं ठरलं होतं की या भागात आपापल्या पट्ट्या एकत्र करून एकाच टॉवरवरून चालवायच्या. शहाणपणाचं होतं ते. दोन सुनांनी दोन चुली पेटवण्यापेक्षा एका चुलीवर रांधावं. मार्चपासून टेकडीवरचा टॉवर प्रयोगापुरता बंद ठेवला होता. गुणाकरने मोजून सांगायचं होतं की गावाचं काही बिघडलं का. त्याने मेमध्ये मोजलं, जुलैत मोजलं, दोन्ही वेळा नकाशा हिरवा आला. आज त्याने सही केली की टेकडीवरचा टॉवर उतरवून न्यायचा. नाही केली तर तो पुन्हा चालू करावा लागायचा, आणि नाही का केली ते लिहावं लागायचं.

त्याने रजतला फोन केला. रजत जबलपूरला बसायचा, गुणाकरपेक्षा अठरा वर्षांनी लहान होता आणि त्याचा साहेब होता. मुलगा वाईट नव्हता. सर म्हणायचा, दिवाळीला आठवणीने मेसेज करायचा. गुणाकरने केबल तुटल्याचं सांगितलं, आणि मग रकान्याचं सांगितलं. सवयीने गुणाकरने पडद्याकडे बघून घेतलं, लाइन तुटली की काय. मग रजत हळू आवाजात म्हणाला, "सर, ये अभी मत निकालिये. आज पिपरटोला क्लोज करते हैं. अगले महीने से सही नंबर डाल देंगे." म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. गुणाकरला ते इतकं समजुतीचं वाटलं की तो हो म्हणणारच होता. निवृत्तीला सात वर्षं राहिली होती. तीन वर्षांचे नकाशे खोटे ठरले तर कंत्राट जाईल, आणि या वयात माप चुकवणाऱ्या माणसाला मोजायचं काम दुसरं कोण देणार. सगळे हिशेब त्याने आधीच करून ठेवले होते, कुणी न सांगता. तो रजतला म्हणाला की चारच्या आत कळवतो. मग महेंद्रला म्हणाला की पिपरटोल्याला चल.

"आता काहून साहेब? तिकडचं तं झालं ना."

गुणाकर म्हणाला की झालं, पण गाडीतून झालं.

वैनगंगेच्या पुलावर पाणी गढूळ आणि भरलेलं होतं. पुढे दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलेलं. ऊन चिकट. गुणाकरने डोळे मिटले, पण झोप येण्याइतका तो थकलेला नव्हता. हा थकवा निराळा होता, तो झोपल्याने जात नसे. त्याला कालिंदी आठवली. आज मंगळवार, म्हणजे परवाचा रविवार पुन्हा तसाच गेला होता. त्यांची मुलगी प्राची पुण्याला असते. पूर्वी रोज फोन करायची, मग दर रविवारी, मग कधीतरी. कालिंदी रविवारी दुपारी भांडी आवरून फोन मांडीवर घेऊन पेपर वाचत बसते, आणि संध्याकाळ झाली की गुणाकर म्हणतो, तिच्या बिल्डिंगमध्ये नेटवर्क येत नाही, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, मला माहीत आहे ना. कालिंदी मान हलवते. नवऱ्याचं त्यातलं शिक्षण आहे, तो सांगतो म्हणजे तसंच असणार. वस्तुतः पुण्याच्या त्या भागाचे आकडे गुणाकरने एकदा उगाच काढून पाहिले होते, आणि त्या बिल्डिंगच्या दारात टॉवर होता. प्राची फोन करत नव्हती कारण ती करत नव्हती. हे कालिंदीला सांगण्यात काही अर्थ नव्हता. नेटवर्कवर ढकललं की माणूस सुटतो, दोन्हीकडची माणसं सुटतात. आयुष्यभर नेटवर्क मोजून त्याचा एवढा एक उपयोग त्याच्या घराला झाला होता, आणि त्याची त्याला लाज वाटत नसे.

पिपरटोल्यात गाडी शाळेपाशी थांबवून तो खाली उतरला. एक साधा फोन हातात घेऊन, जसा माणूस घेतो तसा, गल्लीतून चालू लागला. शाळेपाशी सिग्नलच्या दोन काड्या होत्या. हनुमानाच्या ओट्याशी एक. त्यापुढे टेकडी गावावर कलत येते, हमरस्त्यावरचा टॉवर तिच्याआड जातो, आणि तिथून फोनावर काहीच नव्हतं. घरं मात्र होती. शेवटच्या घराच्या पडवीत एक बाई धानाचा कोंडा पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि ओळखलं. गुणाकरला ती ओळखू यायला थोडा वेळ लागला. शांताबाई. मेमध्ये हिच्याच तक्रारीवरून तो आला होता. फोन लागत नाही म्हणून तिने पुतण्याकडून तक्रार टाकली होती. तेव्हा गाडी इथेच, अंगणात उभी केली होती, आणि त्याने मोठ्या मनाने छतावरच्या अँटेनाला जोडलेला आपला एक फोन तिच्या पुतण्याच्या हातात देऊन लावायला सांगितला होता. लगेच लागला होता. चार माणसं गोळा झाली होती, सगळ्यांनी वा म्हटलं होतं. मग गुणाकरने शांताबाईचा जुना बटणाचा फोन उलटासुलटा करून पाहिला होता आणि सांगितलं होतं की बाई, टॉवर फुल आहे, तुमचा फोन खराब झालाय, दुसरा घ्या. तक्रार बंद केली होती. हे सगळं त्याला आता क्रमाने आठवलं, आणि आपण त्या दिवशी किती खुशीत होतो तेही आठवलं.

शांताबाईने त्याला पाट दिला, पाणी दिलं. तिचा आवाज साधा होता, तक्रारीचा नव्हता. फोन घेतला का असं त्याने विचारलं. हौ, घेतला, म्हणाली, तुमी म्हणलं होतं ना. वारासिवनीच्या दुकानदाराने जुना ठेवून घेतला आणि तेच सिम घालून नवा दिला. मग नव्यावर येतात का फोन, असं त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर माहीत होतं. तिने सूप खाली ठेवलं. मग तिने सांगितलं. नूतन म्हणून तिची एकुलती एक पोरगी. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर सुरतला निघून गेली. बाप, नथ्थू, दारात उभा राहून म्हणाला की आमच्यासाठी मेली. पौषात तो वारला. नूतन एक दिवसासाठी आली, बापाच्या फोटोसमोर बसली, आणि जाताना म्हणाली की आई, रविवारी सुट्टी असते, दर रविवारी फोन लावत जाईन. लावला तिने. सहा-सात रविवार लावला. मग एकदम बंद.

"मले वाटलं फोनच बिघडला असन," शांताबाई म्हणाली. "म्हणून तं तुमाले बलावलं. तुमी गाडीतल्या मशीनीवर पाहून सांगतलं का टावर फुल आहे. मंग नवा फोन घेतला. तरी नाई वाजला. मंग मी समजली. टावर फुल आहे, फोन नवा आहे, तं पोरगीच लावत नाई."

ती हे रडून म्हणाली नाही. गणित सुटल्यासारखं म्हणाली. सोळापटीचं ओझं कुठे जाऊन पडलं ते त्याच्यासमोर बसलं होतं. नकाशावर पिपरटोल्याचा हा कोपरा एका नखाएवढा असेल, त्याने तो हिरवा करून पाठवला होता, आणि त्या हिरव्याचा अर्थ इथे पाच महिने असा लागत होता की पोटच्या पोरीने तोंड फिरवलं. बायकोजवळ तो नेटवर्क नसल्याचं खोटं सांगत आला, आणि इथे असल्याचं. त्याला स्वतःची शिसारी आली. तिने कधी उलट लावून पाहिलं नाही का, असं त्याने अडखळत विचारलं, बाजाराला जाता तेव्हा तरी. ती म्हणाली की कसं लावू, नंबर जुन्या फोनात होता, तो तं दुकानदारापाशी राह्यला. आणि मग, हे खरं कारण असावं अशा हळू आवाजात, की असता तरी लावला नसता. तिले नाई बोलायचं तं मी काहून तिच्या मांगं लागू.

त्याने तिचा फोन मागितला. ती आत जाऊन घेऊन आली. फोन स्वच्छ रुमालात बांधलेला होता. गुणाकरने मेसेज उघडले. एकही उघडलेला नव्हता, शांताबाईला वाचता येत नव्हतं. बाजारात गेलं की फोन टुंग टुंग करते, ती म्हणाली, पुतण्या म्हणते कंपनीच्या जाहिराती असतेत. बहुतेक तशाच होत्या. रिचार्ज करा, गाणं लावा, बक्षीस जिंका. पण त्यांच्यामध्ये दुसऱ्या प्रकारचेही होते: तुमचा फोन संपर्कक्षेत्राबाहेर असताना या नंबरवरून कॉल आला होता. तो एकेक उघडत गेला. एकच नंबर. मेअखेरचा रविवार, अकरा वाजता, पाच कॉल. पुढचा रविवार, चार कॉल. मग जून. एका रविवारी नऊ कॉल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गुणाकरने आयुष्यात लाखो कॉलची नोंद वाचली होती. लागला, नाही लागला, तुटला, एवढंच त्यात असतं. नऊ कॉल म्हणजे एक बाई कुठल्या तरी खोलीत दिवसभर फोन कानाला लावून उठबस करते आहे, हे त्याला कधी दिसलं नव्हतं. त्याने शांताबाईला सांगितलं की पोरीने लावले होते. ती काही समजल्यासारखी दिसली नाही. त्याने पुन्हा सांगितलं, तारखा वाचून दाखवल्या. ती ऐकत राहिली. मग तिने तो एकच प्रश्न विचारला जो विचारू नये असं त्याला वाटत होतं.

"आखरीचा कधीचा आहे?"

परवाचा म्हणता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याची जीभ अशा गोष्टींना सरावलेली होती. त्याने पुन्हा एकदा खाली-वर करून पाहिलं, एखादा नजरेतून निसटला असेल या आशेने. मग म्हणाला, "जुलैचा. सव्वीस जुलै. त्यानंतर नाही."

शांताबाईने बोटांवर महिने मोजले. "म्हणजे तिलेबी तसंच वाटलं," ती म्हणाली.

गुणाकरने सांगितलं की नंबर मिळाला आहे, आता लावता येईल, पण इथून नाही. ती तशीच उठली, दाराला कडी घातली आणि गाडीत येऊन बसली. महेंद्रने काही न विचारता हमरस्त्याच्या दिशेने गाडी घेतली. टेकडी मागे पडली तशा फोनावर काड्या उगवल्या, एक, दोन, तीन, आणि रस्त्याला लागायच्या आधी जो मोरीचा कठडा आहे तिथे ते थांबले. तिच्याच फोनावरून त्याने नंबर लावला आणि तिच्या कानाला दिला. रिंग जात होती. गुणाकरला हातभर अंतरावरूनही ती ऐकू येत होती. गेली, जात राहिली, आणि बाईच्या ठरलेल्या आवाजात हिंदीत उत्तर आलं की आपण ज्यांना फोन केला ते उचलत नाहीत. शांताबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला की मंगळवार आहे, कामावर असेल, तिला दिसेल तुमचा फोन येऊन गेल्याचं. मंग ती करन, शांताबाई म्हणाली. करेल, तो म्हणाला. आणि मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की ती करेल तेव्हा शांताबाई घरी असेल, आणि घरी हा फोन म्हणजे रुमालात बांधलेला दगड आहे. शांताबाई कठड्यावर पदर सावरून बसली.

"मी इथंच बसते," ती म्हणाली. "तुमी जा साहेब."

अडीच वाजले होते. गुणाकर रस्त्याच्या कडेने थोडा पुढे गेला. एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला. तिथे त्याने काही मोठा निर्णय घेतला असं नाही; त्याला फक्त दिसलं की ही बाई आज अंधार पडेपर्यंत इथे बसेल, उद्या बसेल, दर रविवारी तीन किलोमीटर चालत येऊन बसेल, आणि त्याची सही झाली की जन्मभर बसेल. त्याने रजतला फोन लावला. म्हणाला की सही करत नाही, पिपरटोल्याचं माप चुकलं आहे, टेकडीवरचा टॉवर चालू करायला सांगा. रजत म्हणाला की सर, रिझन लिहावं लागेल. लिहितो, गुणाकर म्हणाला. रजतने विचारलं, "सिर्फ पिपरटोला लिखेंगे, या तीन साल?" आवाजात विनवणी होती, आणि ती गुणाकरच्याच भल्याची होती हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "तीन साल." मग त्याने गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून चार ओळी लिहिल्या. मोजणाऱ्याच्या चुकीमुळे बारा डेसिबल वजा करायचे राहिले, म्हणून अमुक तारखेपासूनचे जिल्ह्याचे सर्व नकाशे रद्द समजावेत. खाली नाव. आपलं नाव एवढं स्पष्ट त्याने बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. रजतचं उत्तर आलं की टॉवरचं उद्या सकाळी बघतो, बाकीचं वर पाठवावं लागेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट घरी गेल्यावर कालिंदीला नोकरीचं काय सांगायचं, हा एक नवा थकवा त्यात येऊन मिळाला, आणि तिला एक सांगायला बसलं की दुसरंही सांगावं लागेल हेही त्याला तिथेच कळलं.

तो परत येऊन शांताबाईपासून जरा अंतर ठेवून कठड्यावर बसला. महेंद्र गाडीत सीट मागे टाकून पडला होता. मग गुणाकर म्हणाला, "बाई, टॉवर फुल नव्हता. तुमचा जुना फोनही चांगला होता. माझं माप चुकलं. पोरीची चूक नाही, माझी आहे."

शांताबाईने ते ऐकून घेतलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त विचारलं की हे तुमाले आज समजलं का. तो म्हणाला, आज. ती म्हणाली, अस्सं. साडेतीनच्या सुमाराला तिच्या हातातला फोन वाजला. ती दचकली, पडद्याकडे पाहत राहिली. गुणाकरने वाकून आकडे बघितले आणि मान हलवली. तोच नंबर होता. फोन वाजत होता आणि ती हिरवं बटण दाबत नव्हती. मग तिने हात लांब करून तो त्याच्यापुढे धरला.

"मी सांगतलं तं तिले वाटन, माय बहाणे करून राह्यली," ती म्हणाली. "पयले तुमी सांगा."

गुणाकरने फोन घेतला. पलीकडे कसल्या तरी यंत्रांची घरघर होती, आणि त्यातून एका बाईने दम लागल्यासारखं हॅलो म्हटलं, मग काही क्षण थांबून, आई म्हटलं. आवाज अगदी स्वच्छ येत होता. त्याने आपलं नाव सांगितलं, आई इथे शेजारी बसली आहे आणि बरी आहे हे सांगितलं, आणि मेमध्ये पिपरटोल्यात येऊन आपण तिच्या आईला काय सांगून गेलो होतो ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि तिने फोन ठेवलाही नाही.